मोहाखालची वाघीण

अहेरीच्या आमच्या वनखात्याच्या कार्यालयात माझं टेबल खिडकीशी आहे. खिडकीखालून रस्ता जातो आणि रस्त्यावरून सूरजागडच्या डोंगरातला लोखंडी दगड भरलेले ट्रक जातात. त्यांची तांबडी धूळ फायलींवर बसते, चहाच्या कपात उतरते, माझ्या पापण्यांनाही सोडत नाही. वर्षभर शिपाई विचारतो, "मॅडम, खिडकी लावू?" आणि मी "लाव बाबा" म्हणते. मार्च अर्ध्यावर आला की मात्र मी "राहू दे" म्हणते, आणि तो माझ्याकडे, हिचं डोकं फिरलं, अशा नजरेने बघत निघून जातो. त्याची चूक नाही. धुळीच्या आणि डिझेलच्या खालून, सकाळच्या गार हवेबरोबर मोहाचा वास येत असतो, आणि तो आला की मला कामाचं काही सुचत नाही.

ज्याने हा वास घेतलेला नाही त्याला तो सांगायचा कसा? मनुका भिजवून डब्यात कोंडल्या आणि दुसऱ्या दिवशी झाकण काढलं, तर जवळपास तसा. गोड आहे, पण नुसता गोड नाही. जड आहे, अंगावर येणारा आहे. पुण्याहून बदलून आलेल्या एका बाईंना या वासाने पहिल्याच आठवड्यात मळमळलं होतं. मला तो येतो तेव्हा भूक लागते. आणि भुकेच्या आधी, डोळे उघडे असतानाच, एक वाघीण दिसते. काळ्या राखेवर बसलेली, अंगावर मोहाची दोन-चार फुलं पडलेली, आणि ती झटकायचाही कंटाळा केलेली.

माझ्या नोकरीची सुरुवात चंद्रपूर जिल्ह्यात, मोहर्लीच्या पलीकडे पळसबोडी नावाच्या गावात झाली. वनरक्षक म्हणून. मी चंद्रपूर शहरातली, खाणकामगाराची मुलगी. घरात बुद्धाची मूर्ती, पुस्तकांची मांडणी आणि पोरीने बँकेत लागावं अशी सगळ्यांची इच्छा. मी लागले जंगलात. आई आजही माझी ओळख करून देताना "सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगते आणि विषय बदलते. पळसबोडीत मला राहायला एक खोली मिळाली, गस्तीला एक मोठा तुकडा मिळाला, आणि सोबतीला वसंताभाऊ मिळाले. वसंताभाऊ आमचे वनमजूर. माणूस लाखातला, जेवताना आपल्यातली अर्धी भाकर देणारा. अंदाज मात्र कायम चुकलेला. "वाघ डाव्या अंगानं गेला मॅडम," असं त्यांनी म्हटलं की मी उजवीकडे सावध व्हायची. ते स्वतःही हसत म्हणायचे, "माह्या उलटं चाला, तं वाघ भेटंन."

त्या गावात गेल्यावर मी पहिली गोष्ट शिकले ती मोहाच्या झाडांची. जंगल सरकारचं, पण मोह घरांचे. कागदावर याचा कुठे पत्ता नाही, तरी अमुक झाड तमक्याचं हे शेंबडं पोरही सांगतं. सासूची झाडं सुनेकडे येतात. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. गावात दोन सख्खे भाऊ होते, बांधावरून भांडलेले, वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे. त्यांची झाडं मात्र शेजारी शेजारी. एकाचं फूल वाऱ्याने दुसऱ्याच्या झाडाखाली जायचं. दोघं पहाटे येऊन पाठीला पाठ लावून वेचायचे, आणि हद्दीवर पडलेली फुलं तशीच राहायची. ती हरणं खायची.

गिरजाबाईची तीन झाडं नाल्याच्या काठाला होती, गावापासून जरा दूर, बांबूच्या बेटांना लागून. गिरजाबाई म्हणजे पन्नाशीची, काटक, धानाच्या बांधीत पुरुषाच्या दुप्पट रोवणी करणारी बाई. तोंडही कामासारखंच चालायचं. मला पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "तू बाई मानूस, इथी काऊन आली? वाघ मोजाले? अन् वाघानं तुले मोजलं तं?" तिचा नवरा दौलतभाऊ तिच्या अगदी उलट. शांत, नीटनेटका, अंगण दोनदा झाडणारा माणूस. तिच्या म्हणण्याप्रमाणे घरातली सून तेच होते.

फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून पेटवायचा, ही इकडची जुनी रीत. काळ्या स्वच्छ जमिनीवर पिवळसर फूल लगेच नजरेत भरतं, वेचणं सोपं जातं. आग पसरते म्हणून आम्ही दरवर्षी नको म्हणतो, गाव दरवर्षी "हो मॅडम" म्हणतं, आणि दरवर्षी झाडांखाली काळे गोल दिसतात. त्या वर्षी दौलतभाऊंनी आपल्या स्वभावाप्रमाणे काम केलं. तीन झाडांखालची जागा तर साफ केलीच, मधलं झुडूपही तोडलं, दगड बाजूला लावले. नाल्याकाठी लग्नाचा मांडव घालावा एवढं आवार तयार झालं.

ते पाहून त्यांना रागवायला म्हणून मी एका सकाळी वसंताभाऊंना घेऊन तिकडे गेले. मोह नुकताच गळू लागला होता. राखेवर फुलं विखुरलेली, आणि फुलांच्या मधे चितळांच्या खुरांची गर्दी. राख पिठासारखी बारीक होती. खुरांवर खूर उमटले होते. त्या खुरांवर, सगळ्यात वर, एक मोठं, गोल, निवांत पाऊल. ठसा इतका स्वच्छ की बोटांमधली जागा दिसत होती. आणि त्याच्या भोवती, इकडे तिकडे, आखलेल्या रेषेत कधीच न चालणारी लहान लहान पावलं.

वसंताभाऊ खाली वाकले. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाले, "बिबट हाये मॅडम. पिल्लं घेऊन गेली. आता नाई इथी."

त्यांचं वाक्य पुरतं व्हायच्या आत समोरच्या बांबूतून ती बाहेर आली.

मी त्याआधी वाघ पाहिले नव्हते असं नाही. रस्त्यावरून जाणारे, पाणवठ्यावर लोळणारे, पर्यटकांच्या जिप्सींना कंटाळलेले पाहिले होते. पण ही घरात होती. माणूस आपल्या घरात जसा चालतो, कुणी बघत नाही असं समजून, तशी ती चालली. खांदे एकदा वर, एकदा खाली, पोट जरा सैल, कारण पिल्लं पीत होती. तिने आम्हाला पाहिलं. थांबली. त्या थांबण्यात घाई नव्हती, भीती नव्हती, राग तर मुळीच नव्हता. आमचा हिशेब करून होईपर्यंत ती उभी राहिली एवढंच. मग तोंड वळवून तिने मोहाच्या खोडावर हद्दीच्या खुणेचा फवारा मारला आणि पुन्हा बांबूत गेली. आम्ही हळूहळू मागे सरलो. मला नुसतं हसू येत होतं. त्या खोडाला नंतर नाक लावलं तर नव्या सुगंधी तांदळाच्या भातासारखा वास आला. वाघाचा वास असाच असतो, हे पुस्तकात वाचून मी परीक्षेत लिहिलं होतं. खरा घेतल्यावर वाटलं, अरे, हा तर आपल्याच चुलीवरचा.

गोष्ट अशी झाली होती. दौलतभाऊंनी साफ केलेल्या जागेत फुलं उघडी पडायची. उघडी फुलं खायला चितळं यायची, आणि चितळांसाठी वाघिणीला पिल्लं सोडून लांब जावं लागत नव्हतं. आपल्याच हातांनी आपण तिचं ताट वाढून ठेवलं होतं. गिरजाबाईला हे सांगितलं तेव्हा ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "एवढं आंगन झाडलं तं पाहुनी येनारच." दौलतभाऊ बिचारे खराट्याकडे बघत राहिले.

हसण्यासारखं तेवढंच होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात शेजारच्या एका गावात मोह वेचायला गेलेला माणूस वाघाने मारला होता. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं. तिथला वाघ पकडला गेला आणि त्याचं पुढचं आयुष्य आता गजांच्या आत आहे. आमचे साहेब पळसबोडीला आले, नाल्यापर्यंत गेले, आणि परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इथे कुणाला ओरखडा जरी निघाला ना, तरी गाव ऐकणार नाही. पिंजरा लावावाच लागेल. पिल्लं इतकी लहान आहेत की एकदा उचलली तर ती पुन्हा जंगलात यायची नाहीत. तेव्हा नाल्याकडे कुणाला जाऊ देऊ नका." साहेबांनी एका वाक्यात सगळं माझ्यावर टाकलं आणि गाडीत बसले.

नाल्याकडे झाडं होती फक्त गिरजाबाईची. तिला सांगायला मी तिच्या ओसरीवर गेले. ती धान पाखडत होती. ऐकून घेतलं, सूप थांबवलं नाही.

"झाडं माह्या सासूनं देल्ले मले," ती म्हणाली. "वाघिनीच्या सासूनं देल्ले काय तिले?"

"महिनाभराचाच प्रश्न आहे, बाई."

"मोह महिनाभराचाच असते. बाकी अकरा महिने तिले कोन अडवते? तवा बसावं तिनं."

घरात मोह नसला की काय होतं हे मी तोवर पाहिलं होतं. पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, वाळवलेला मोह भाजून तिळाबरोबर कुटला की दिवसभर चिखलात उभं राहण्याचं बळ येतं. पाहुण्याला मोहाच्या पुऱ्या लागतात, बाळंतिणीला मोह लागतो. एका घराचा मोह गेला तर ते घर उपाशी मरतं असं नाही. पण वर्षभर त्या बाईला दुसऱ्याच्या अंगणात वाळत घातलेल्या फुलांवरून नजर चुकवत जावं लागतं.

खात्याने त्या वर्षी मुखवटे वाटले होते. डोक्याच्या मागे बांधायचे. वाघ पाठीमागून येतो, मागेही तोंड दिसलं तर येणार नाही, असा त्यातला विचार. मुखवट्यांचा उपयोग वाघावर किती झाला माहीत नाही. गावात मात्र आठवडाभर धमाल झाली. कुणाशी बोलायला जावं तर ते मागचं तोंड निघायचं. एका म्हाताऱ्याची म्हैस मालकाचं मागचं तोंड बघून दूधच देईना. गिरजाबाईने आपला मुखवटा परसातल्या वांग्यांत काठीवर टांगला. "माकडं येत नाईत आता," तिने मला मुद्दाम सांगितलं.

मी आणि वसंताभाऊ रोज पहाटे नाल्याच्या अलीकडे एका अर्जुनाच्या झाडावर बांधलेल्या मचाणावर बसायचो. कामच ते होतं: माणूस तिकडे जाऊ नये आणि वाघीण इकडे येऊ नये. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात सुखाचं काम. झुंजुमुंजू झालं की मोह गळायचा. थेंब पडावा तसा टप आवाज, मग शांतता, मग पुन्हा टप टप. चितळं यायची. वरच्या फांदीवर वानरं अर्धी फुलं खायची आणि अर्धी खाली सांडायची, आणि खालची चितळं माना वर करून वाट बघायची. या दोघांचं हे जुनं शेजारपण आहे. वाघाला आधी वानर बघतो आणि खॉक करून ओरडतो, म्हणून हरणं त्याच्याखाली निर्धास्त चरतात.

तरी ती यायचीच. मला अजून कळलेलं नाही ती कशी यायची. एवढ्या मोठ्या नारिंगी जनावराने, अंगावर काळे पट्टे असताना, उघड्या जागेच्या कडेला येऊन बसावं आणि डोळे फाडून बघणाऱ्या आम्हा दोघांना ती दिसू नये! बांबूच्या सावल्या हलायच्या, आणि मग कळायचं की त्यातल्या काही सावल्या श्वास घेताहेत. एकदा ती अशी बसली असताना एक चितळ तिच्या दिशेने दोन पावलं आलं, थबकलं आणि पाय आपटू लागलं. तिने वाट पाहिली. माझ्या पायाला मुंग्या आल्या, चितळाचा पाय आपटून दमला, तरी ती वाट पाहतच होती. शेवटी चितळ निघून गेलं आणि ती उठून, जांभई देऊन, दुसरीकडे जाऊन आडवी झाली. हातची शिकार गेल्याचं जराही दुःख नाही. शिकार जमते त्यापेक्षा फसते जास्त वेळा, हे मला तिनेच शिकवलं. मी घरी गेले की आईला फोनवर हे सगळं सांगायची. आई म्हणायची, "जेवलीस का?"

पिल्लं तीन होती. कानांच्या मागे पांढरे ठिपके, पाय अंगापेक्षा मोठे. त्यातलं एक धीट होतं. आईची शेपटी हलली की झडप घालायचं. ती शेपटी मुद्दाम हलवायची. पिल्लाने चावा घेतला की नाकातून फुर्र असा हलका आवाज काढायची, आपण लहान मुलाच्या पोटावर ओठ ठेवून वाजवतो तसा. एका सकाळी अस्वल आलं. मोह म्हटलं की अस्वलाला कशाचीच शुद्ध राहत नाही. ते खुशाल मधल्या झाडाखाली बसून दोन्ही हातांनी फुलं तोंडात भरू लागलं. वाघिणीने पिल्लं मागे घेतली आणि ते जाईपर्यंत बांबूच्या कडेला उभी राहिली. अंगाचा एक केस हलला नाही. तिच्या ताकदीच्या गोष्टी सगळे सांगतात. मला तिचं ते न भांडणं फार आवडलं.

एप्रिलच्या सुरुवातीला वसंताभाऊंनी गावात सांगितलं की वाघिणीने पिल्लं हलवली, टेकडीपलीकडे गेली, आपण स्वतः ठसे पाहिले. मी त्या दिवशी मोहर्लीला बैठकीला होते, नाहीतर तिथल्या तिथे उलट अर्थ काढला असता. गिरजाबाईनेही एरवी काढला असता. पण मोहाचा भर होता, सगळ्यांची अंगणं फुलांनी भरली होती आणि तिचं एकटीचं रिकामं. माणसाला ज्यावर विश्वास ठेवायचा असतो त्यावर तो ठेवतो. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती टोपली घेऊन, नाल्याच्या वरच्या अंगाने, आमच्या मचाणाला वळसा घालून, मचाणावरून बांबूआड जाणाऱ्या टोकाच्या झाडाखाली गेली.

आम्ही ऐकली ती डरकाळी. छातीच्या फळीत वाजली. त्यानंतर काहीच आवाज नाही. आम्ही मचाणावरून कसे उतरलो ते मला आठवत नाही. काठ्या आपटत, ओरडत पळालो एवढं आठवतं. वसंताभाऊ पळताना रडत होते. वाटेच्या वळणावर गिरजाबाई बसलेली सापडली. साडीवर राखच राख, उजवं मनगट वाकडं, तोंडाला रंग नाही. पण शुद्धीवर होती. तिला धरून आणताना तिने तुटक तुटक सांगितलं.

"वाकून वेचून राह्यली होती मी. समोर पाह्यलं तं लेकरू. बकरीच्या पिल्लाएवढं. माह्याकडं पाहूनच राह्यलं. मी उभी झाली, अन् बाजूच्या बांबूतून वाघीन आली. कशी आली मालूम नाई. इथी," तिने डाव्या हाताने पायापासून दोन हात अंतर दाखवलं, "इथी येऊन थांबली. राख उडाली माह्या अंगावर. तोंड पाह्यलं म्या तिचं. मंग मी मांगं मांगं सरकली, सरकली, अन् मुळीले पाय अडकला. पडली. ते तिथीच उभी होती. आली नाई."

दुपारपर्यंत गाव ग्रामपंचायतीसमोर जमा झालं. गिरजाबाईला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. साहेब आले. तरुण पोरं तापली होती, आणि त्यांना तापायचा हक्क होता. शेजारच्या गावातला तो माणूस त्यांच्यातल्या एकाचा मामा होता. सगळ्यांत पुढे उभे होते दौलतभाऊ. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला हा माणूस ओरडून साहेबांना म्हणाला, "आजच्या आज पिंजरा आना साहेब. माही बायको मेली असती." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दौलतभाऊंना मी काय सांगणार होते? तुमची बायको वाचली ना, मग वाघीण राहू द्या? मला तीच हवी होती, अगदी आतून हवी होती, आणि तेच त्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात दवाखान्याची गाडी परत आली. गिरजाबाई उतरली, हात प्लास्टरमध्ये. कुणीतरी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"पिंजरा कोनासाठी?" तिने विचारलं. "माह्यासाठी? मले कोनी मारलं? हात म्या पडून मोडला."

दौलतभाऊ म्हणाले, "अंगावर आली थे तुह्या."

"आली. अन् थांबली बी. तिचे नखं पाह्यले म्या. थांबाचं नसतं तं मी इथी येऊन बोलून राह्यली असती काय?" ती दमली होती. "तिच्या अन् तिच्या लेकराच्या मंधात मी गेली, जी. ते नाई आली माह्या घरात. अन् तिनं मले सांगून सोडलं. मानूस बी नाई सोडत असा."

मागून एकाने विचारलं, "अन् मोहाचं काय काकू?"

गिरजाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग दौलतभाऊंकडे. एवढा वेळ कोरडे असलेले तिचे डोळे तेव्हा भरून आले. "यंदा नाई जात मी तिथी," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली. साहेबांनी पिंजऱ्याचा कागद त्या दिवशी केला नाही. पुढे कधी करावा लागलाही नाही, कारण ज्या बाईचा हात मोडला तीच नको म्हणते म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही.

दुसऱ्या पहाटे गस्तीवर जाताना मी जे पाहिलं ते इथे मुद्दाम सांगते, कारण त्या गावात ते त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. गिरजाबाई दुसऱ्याच्या झाडाखाली बसली होती. शेजारणीने तिला हाताला धरून आणलं होतं आणि अर्धं झाड तिला दिलं होतं. डाव्या हाताने ती वेचत होती, चिडत होती, कारण डावा हात तिचं ऐकत नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशी दुसऱ्या घरचं झाड, मग तिसऱ्या. ज्या दिवशी त्या न बोलणाऱ्या भावांपैकी थोरल्याची पाळी आली, त्या दिवशी धाकट्याने हद्दीवरची फुलं ओंजळीत भरली आणि तिच्या टोपलीत टाकली. भाऊ पुढेही बोलले नाहीत. पण त्या वर्षी हद्दीवर फुलं उरली नाहीत. वसंताभाऊंनी आपल्या दोन झाडांचा सगळा मोह तिच्या ओसरीवर नेऊन ओतला आणि महिनाभर कुठल्याच गोष्टीचा अंदाज सांगितला नाही. मग मला चैन पडेना, आणि मीच एकदा विचारलं, "कुठे गेली असेल हो आता?"

मी हे लिहिते आहे खरं, पण सगळीकडे असं होत नाही हे मला माहीत आहे. चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळा लागला की फोन वाजला तरी धस्स होतं. इकडे गडचिरोलीच्या जंगलातही आता वाघ परत येऊन वस्ती करू लागले आहेत, आणि वाघ आले की मोहाखाली, तेंदूपानाच्या वाटेवर, धानाच्या बांधीत माणसंही जिवानिशी जातात. अशा घरी मी सांत्वनाला गेले आहे. तिथे वाघाचं कौतुक तोंडातून काढायची सोय नसते, आणि काढूही नये. तरी परत येताना वाटेत कुठे ओल्या मातीत ते गोल, निवांत पाऊल दिसलं की माझा पाय थांबतो. मी वाकते. हे माझं प्रेम आहे की खोड आहे, ते मला आता ठरवायचंही नाही.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला नेहमीप्रमाणे पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजणी होती. दरवर्षी विहारात वंदना, घरी खीर, पाहुणे, आणि मी मचाणावर. आईचा फोन ठरलेला. मोजणीला गावातलं एक माणूस सोबत घ्यायचं असतं. मी गिरजाबाईला विचारलं. प्लास्टर निघालं होतं, मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. ती म्हणाली, "तिले पाहाले मले मचान लागते काय?" आणि डबा बांधून आली.

दुपार उतरत होती. हवा इतकी तापलेली की पाण्यावरची झाडंही हलल्यासारखी दिसत होती. मोहाची फुलं कधीच संपली होती, झाडांना तांबूस पालवी आली होती. मोर येऊन गेला, रानडुकरं येऊन गेली. गिरजाबाई दुर्बिणीला हात लावायला तयार नव्हती. मग नुसतंच, काही न वाजता, आमच्याच बाजूच्या काठावर, जरा लांब, वाघीण उभी दिसली. मागे तिन्ही पिल्लं, आता चांगली कुत्र्याएवढी झालेली. तिने पाण्याला पाठ केली आणि वाघांच्या सवयीप्रमाणे उलटी उलटी पाण्यात शिरली, मागचे पाय आधी, डोळे आमच्या बाजूला. पाणी पोटाला लागलं तसे तिने डोळे बारीक केले. पिल्लं धबाधबा उड्या मारत आत पडली. धीट पिल्लू तिच्या मानेवर चढलं.

मी वहीत नोंद करायची विसरले. शेजारी पाहिलं तर गिरजाबाई मचाणाच्या कडेशी सरकली होती, दुखरा हात मांडीवर ठेवून, श्वास आवरून बघत होती. वाघीणही बघत होती. दोघींनी एकमेकींना ओळखलं असं मी म्हणणार नाही. वाघिणीचं मला माहीत नाही.

"बाई," गिरजाबाई हळूच म्हणाली, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती, "यंदाचा मोह तुह्या लेकरांचा झाला. पुढच्या साली मले लागंन."

मग न वळणाऱ्या त्या मनगटाने तिने पदर ओढून डोक्यावर घेतला, आणि वाघीण पाण्याबाहेर निघेपर्यंत तो उतरू दिला नाही.